पांढऱ्या घोडीच्या घशातले खडे

माझा घाटकोपरला प्राण्यांचा दवाखाना आहे. तिथे येतात ती बहुतेक कुत्री-मांजरं, कधी एखादा पोपट. घोडे माझ्या वाट्याला आले ते मुलुंडच्या एका तबेल्यामुळे. कॉलनी संपून डोंगर सुरू होतो तिथे एका ताईंनी घोडेस्वारीची छोटी शाळा काढली होती. ताई मूळच्या फिजिओथेरपिस्ट. ज्या मुलांना नीट चालता येत नाही, मानेचा किंवा पाठीचा तोल सांभाळता येत नाही, अशा मुलांना घोड्यावर बसवलं की त्यांचं अंग हळूहळू सावरायला लागतं, हे त्यांनी कुठेतरी पाहिलं होतं. नोकरी सोडल्यावर त्यांनी तेच काम धरलं. माझे दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळचे दोन तास त्या तबेल्यात जायचे.

तेव्हा तिथे सहा जनावरं होती. त्यांत सगळ्यांत जुनी एक पांढरी घोडी. वय विशीच्या आसपास, पाठ थोडी खचलेली, खालचा ओठ लोंबणारा. पहिल्यांदा येणारं मूल घाबरून रडायला लागलं की तिच्यावरच बसवायचं. मूल एका बाजूला कललं तर ती आपणहून थांबायची. मी तिला दहा वर्षांत एकदाही आजारी पाहिलं नव्हतं. तपासणीच्या वहीत तिच्या पानावर दरवेळी ‘ठीक’ एवढंच लिहिलेलं असे.

घोड्यांची सगळी कामं मामा बघायचे. मामा म्हणजे तबेल्यातले मोतद्दार. मुलं त्यांना मामा म्हणायची म्हणून आम्हीही म्हणायचो. त्यांचे वडील मालवणकडून गिरणीत कामाला आले होते. गिरणी बंद पडल्यावर मामांनी वॉचमनगिरी केली, कुरिअर वाटलं आणि शेवटी ताईंकडे लागले. घोड्यांचं काही शिकलेले नव्हते, सगळं करून करून शिकले.

चाचा आले ते त्यांच्या तांबड्या घोड्यासकट. त्यांनी उभा जन्म घोडागाडी हाकली होती. गाड्या बंद झाल्यावर ते खारदांड्याला राहायला गेले, एक घोडा ठेवला आणि लग्नाच्या वराती करू लागले. मग पायावर टेम्पो गेला. सहा महिने घरात पडून होते, घोडा शेडमध्ये. पाय बरा झाला तोवर ती शेडही जायची वेळ आली. कुणीतरी ताईंना सांगितलं. ताई म्हणाल्या, घोडा इकडे आणा, तुम्हीही इथेच काम करा.

घोडा देखणा होता. नऊ वर्षांचा, छातीत भरलेला, कपाळावर बोटाएवढा पांढरा ठिपका. मी तपासला, ताप नव्हता, नाक स्वच्छ. ग्लँडर्ससाठी रक्त पाठवलं. तो रोग घोड्यांत सगळ्यांत वाईट, माणसालाही होतो, आणि सापडला तर घोड्याला मारावंच लागतं. अहवाल चांगला आला. नियमाप्रमाणे नवीन घोडा तीन आठवडे तरी वेगळा ठेवायचा असतो. पण मागच्या शेडमध्ये तेव्हा चारा भरलेला होता. अहवाल आल्या आल्या मामांनी विचारलं, आता पांढरीच्या शेजारी बांधू का, ती शांत आहे, नवीन जनावर तिच्याजवळ लवकर रुळतं. मी हो म्हटलं.

ते दोघं लगेच एकमेकांचे झाले. मधल्या लाकडी फळीवरून नाकाला नाक लावून उभे असायचे. एकाच टाकीतलं पाणी प्यायचे.

नऊ-दहा दिवसांनी तांबड्याने चंदी, म्हणजे रोजचा दाणा, खाणं सोडलं. मी गेले तेव्हा तो मान पुढे ताणून उभा होता. अंगात खूप ताप. दोन्ही नाकपुड्यांतून घट्ट पिवळा शेंबूड आणि जबड्याखाली लिंबाएवढी गाठ. हात लावला की डोकं मागे घेई. आठवड्याभरात दोन पोनीही तशाच झाल्या. या पोनी चार महिन्यांपूर्वी विकत घेतलेल्या, वयाने लहान, तबेल्याच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या. त्यातल्या एकीचा श्वास इतका घोगरा झाला की तबेल्याच्या दारातून ऐकू यायचा.

मी पुन्हा सगळ्यांचं रक्त पाठवलं. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. ग्लँडर्स नव्हता. गाठीतल्या पुवाची तपासणी झाली आणि घोड्यांच्या घशात गाठी होण्याचा जुना रोग निघाला, इंग्रजीत त्याला स्ट्रँगल्स म्हणतात. यात घोडा बहुतेक वेळा बरा होतो, पण रोग पसरतो भराभर. पाणी, बादली, खराऱ्याचा ब्रश, माणसाचे हात, कशावरूनही. मुलांचे वर्ग बंद झाले. तबेल्याच्या गेटवर पाटी लागली.

मागच्या शेडमधला चारा काढून तिन्ही आजारी जनावरं तिथे हलवली. मी सांगितलं की या तिघांचं सगळं वेगळं पाहिजे, बादल्या, ब्रश, फावडं, सगळं. तिकडे काम करणाऱ्याने इकडच्या घोड्यांना हात लावायचा नाही. तिकडे कोण काम करणार हा प्रश्न आलाच नाही. चाचाच जाणार हे सगळ्यांनी धरून चाललं, मीही.

मामा मला बाजूला घेऊन म्हणाले, “डॉक्टरबाय, तो इलो आणि ह्यां सगळां सुरू झालां.”

मला तसंच वाटत होतं. तबेल्यात दहा वर्षांत हा रोग नव्हता. नवीन घोडा आला, तोच पहिला आजारी पडला, मग बाकीचे. यात विचार करण्यासारखं काय होतं? पालकांचे फोन यायचे, ताई त्यांना समजावून सांगायच्या की बाहेरून आलेल्या एका घोड्यामुळे झालं, आता तो वेगळा ठेवलाय.

एका मंगळवारी मी मागच्या शेडमध्ये पोनीची गाठ फोडत होते. गरम पाण्याचा शेक देऊन देऊन ती मऊ झाली होती. चाचांनी पोनीचं डोकं धरलं होतं. पू वाहून गेला, मी जखम धुतली. आणि चाचा पोनीच्या कपाळाकडे बघतच म्हणाले, “डॉक्टरबाई, एक सांगू का. माझा पाय मोडला होता ना, तेव्हा हा सहा महिने एकटाच होता. याने दुसऱ्या घोड्याचं तोंडपण बघितलं नाही. मग याला लागलं कुठून?”

मी हातमोजे काढत होते. मला अजून दोन ठिकाणी जायचं होतं. मी म्हटलं, “चाचा, हे जंतू कुठूनही येतात. चाऱ्यातून, गाडीतून. ते असं सांगता येत नाही.”

चाचांनी पोनीचं डोकं सोडलं. माझं उत्तर तसं खोटं नव्हतं. पण त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरही नव्हतं.

त्याच दिवशी निघताना माझं लक्ष शेडच्या बाहेरच्या भिंतीकडे गेलं. विटांमध्ये एक खाच होती, त्यात एक काचेचा ग्लास पालथा ठेवलेला. पुढच्या बाजूला सगळ्यांचा चहा यायचा तेव्हा मामा येऊन त्यात वरून चहा ओतून जायचे. प्यायला की चाचांनी तो नळाखाली धुवायचा आणि परत खाचेत ठेवायचा. कुणी तसं ठरवलं नव्हतं. मी बादल्या वेगळ्या करायला सांगितल्या होत्या, त्यात ग्लासही गेला.

माझे वडील बुलढाण्याकडच्या एका गावातून मुंबईत आले. त्यांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आमच्या लोकांच्या कपबश्या बाहेर वळचणीला ठेवलेल्या असत. चहा घ्यायचा, कप आपला आपण धुवायचा, परत तिथे ठेवायचा. वडील हे फार सांगत नसत. मला आठवतं तसं दोनदाच सांगितलं, आणि दोन्ही वेळा सांगून झाल्यावर उठून दुसऱ्या कामाला लागले. त्या भिंतीसमोर मला ते आठवलं. हा रोग माणसाला होत नाही, चहाच्या ग्लासाचा काही संबंध नाही, एवढं म्हणायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी गाडीत बसले आणि दवाखान्यात गेले. नंतर म्हणू, असं मनात ठरवलं. म्हटलं नाही.

तिन्ही जनावरं बरी झाली. तांबड्याची गाठ आपोआप फुटली, तो खाऊ लागला, अंग पुन्हा चकचकीत झालं. पण पालकांचं समाधान होईना. तो घोडा अजून तिथेच आहे का, असं विचारायचे. शेवटी ताईंनी चाचांना सांगितलं की काही दिवस घोडा दुसरीकडे ठेवा, वातावरण निवळू दे. हे सांगताना त्यांना रडू आलं होतं, असं त्या मला नंतर म्हणाल्या. चाचांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो आणला, घोडा चढवला आणि गेले.

दोन महिन्यांनी एका ओळखीच्या माणसाने ताईंना आपला घोडा देऊन टाकला. काळा, समजूतदार. या वेळी मी नियम अगदी काटेकोर पाळले. तीन आठवडे तो मागच्या शेडमध्ये एकटा होता. रोज ताप बघितला. काही नाही. मग त्याला पुढे आणलं आणि मोकळी जागा होती तिथे बांधलं, म्हणजे पांढरीच्या शेजारी. नवव्या दिवशी त्याला ताप चढला, आणि जबड्याखाली गाठ आली.

मी त्याच्यासमोर थर्मामीटर हातात घेऊन उभी होते. तांबडा घोडा तबेल्यात नव्हता. शेड धुऊन, चुना मारून, महिना झाला होता. मग याला लागलं कुठून? हा प्रश्न मला सुचला आणि लगेच कळलं की तो माझा नाही, तो मला आधीच कुणीतरी विचारलेला आहे.

मी कॉलेजातल्या एका मित्राला फोन केला. तो शर्यतीचे घोडे बघतो, त्याच्याकडे दुर्बीण असते; लांब वाकणारी नळी, टोकाला कॅमेरा, जी नाकातून आत घालतात. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “यार, आजारी घोड्यात बघून काय मिळणार? जो कधीच आजारी पडला नाही तो दाखव मला.”

मी म्हटलं, तशी एकच आहे.

पांढरीबद्दल मी मामांना विचारलं, ती इथे आली तेव्हा कशी होती. मामांनी आठवून सांगितलं की तिच्या गळ्याखाली गाठ होती, फुटून वाहत होती, महिनाभरात सुकली. तेव्हा मी या तबेल्यात येत नव्हते. नंतर दहा वर्षांत मी हे कधी विचारलं नाही, आणि मामांनाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

इथे घोड्याच्या घशाबद्दल थोडं सांगायला हवं. माणसाच्या कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. विमान उतरताना कान गच्च होतात आणि आवंढा गिळला की मोकळे होतात, ते तिच्यामुळे. घोड्यात या नळीला दोन्ही बाजूंना एकेक मोठी पिशवी असते, कानाच्या खाली, जबड्याच्या मागे. पाण्याची छोटी बाटली रिकामी होईल एवढी जागा आणि आत नुसती हवा. पिशवीची भिंत अगदी पातळ, तिला लागून मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आणि गिळण्याच्या नसा. घशातली गाठ कधीकधी बाहेर न फुटता या पिशवीत फुटते. घोडा चरायला मान खाली घालतो तेव्हा पू वाहून जातो, बहुतेकदा. नाही गेला तर तो तळाशी साचतो, वाळतो, आणि त्याचे खडे होतात. घोडा खातो-पितो, काम करतो, त्याला काहीच होत नाही. पण खड्यांत जंतू जिवंत राहतात, वर्षानुवर्षं, आणि अधूनमधून नाकावाटे बाहेर पडतात. जुने घोडे त्याला सरावलेले असतात. नवीन आला की पहिल्यांदा तोच पडतो.

हे सगळं मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहिलं होतं.

मित्र रविवारी सकाळी आला. पांढरीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, ती मान खाली सोडून उभी राहिली. मित्राने नाकातून नळी सरकवली. घशाच्या दोन्ही बाजूंना पिशव्यांची दारं असतात, पडद्यासारखी मिटलेली. त्याने नळीतून एक बारीक तार पुढे काढली, तिने झडप उचलली आणि कॅमेरा आत गेला. उजवी पिशवी गुलाबी, स्वच्छ, रक्तवाहिनी ठसठशीत दिसत होती. मग डावी. तळाशी पिवळट दाणे पडले होते, काही हरभऱ्याएवढे, काही चिंचोक्याएवढे, गुळगुळीत. त्यांच्यात थोडा पातळ पू.

कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर ताई, मामा आणि मी, असे तिघं होतो. मग मामा म्हणाले, “तिका तर काय पण झालां नव्हतां ओ.”

ताई चंदीच्या पेटीवर बसल्या. त्यांनी एवढंच विचारलं की हिला मारावं लागेल का. मित्राने सांगितलं, नाही, खडे काढता येतात, धुऊन काढायचं, औषध भरायचं, वेळ लागेल. आणि वाईट वाटून घेऊ नका, तिचा काही दोष नाही. ताई म्हणाल्या, “तिचा नाही हो. दोष दिला तो भलत्यालाच दिला ना.”

सोमवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून मी खारदांड्याला गेले. पत्ता विचारत विचारत किनाऱ्यापाशी पोचले. बांबूंवर बोंबील वाळत होते, होड्यांची दुरुस्ती चालली होती. एका कोळी कुटुंबाने जाळी ठेवायच्या शेडचा कोपरा चाचांना दिला होता. तिथे तांबडा उभा होता. पोट सुटलेलं, काम नसलेल्या घोड्यासारखं. चाचा त्याचे खूर साफ करत होते. मला बघून उठले, प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली, शेजारच्या घरात चहा सांगितला.

मी सगळं सांगितलं. काय सापडलं, कुठे सापडलं. तुमच्या घोड्याने आणलं नाही, आमच्याकडून त्याला लागलं. तुम्ही मला विचारलं होतं आणि मी ऐकलं नाही. त्या ग्लासाचंही बोलले. तो मी पाहिला होता आणि गप्प राहिले, हे सांगितलं. त्यासाठी मी माफी मागते म्हटलं.

चाचांनी ग्लासाबद्दल काही म्हटलं नाही. त्यांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाले, “तेव्हा ऐकलं असतं तर त्या काळ्याला त्रास झाला नसता. पांढरीला पण लवकर आराम पडला असता.”

“हो,” मी म्हटलं.

“माफी राहू द्या, डॉक्टरबाई. मला कागद द्या. लिहून द्या, की माझ्या घोड्याने रोग आणला नाही.”

मग कळलं की मुलुंडची बातमी त्यांच्याआधी इथे पोचली होती. घोडेवाले एकमेकांना ओळखतात. याचा घोडा रोगी आहे, याच्या शेजारी आपला घोडा उभा करू नका, असं पसरलं होतं. वरातीत दोन-तीन घोडे लागतात, त्यामुळे बँडवाल्यांनी चाचांना बोलावणंच बंद केलं. तीन महिन्यांवर घोडा बसून होता.

कागद लिहिण्यात एक अडचण होती आणि ती सांगताना मला लाज वाटली. तांबड्याने रोग आणला नव्हता, हे खरं. पण त्याला तो होऊन गेला होता. आता त्याच्या पिशवीत काही राहिलं नसेल, हे तपासल्याशिवाय मी सही करू शकत नव्हते. मी तसं बोलले. वाटलं, आता हा माणूस मला उठायला सांगेल.

चाचा म्हणाले, “मग तपासा ना. आत काय असेल ते आपल्याला पण कळू दे.”

चहा आला. चहा पिता पिता त्यांनी पांढरीची चौकशी केली. मी सांगितलं की रोज नाकातून नळी घालून धुवायचं आहे, रोज गुंगी देता येत नाही, आणि सकाळी नळी घालून बघितली तर ती डोकं उडवते, मामांना आवरत नाही. कोणत्या बाजूने धरतात, त्यांनी विचारलं. उजव्या, मी म्हटलं. ते मान हलवून म्हणाले, तिला उजव्या डोळ्याने कमी दिसतं, त्या बाजूने हात आला की दचकते. डावीकडून धरायचं.

मला हे माहीत नव्हतं. वहीत दहा वर्षं ‘ठीक’ लिहिलेलं.

मी त्यांना या म्हटलं नव्हतं, तेवढं तोंड मला नव्हतं. ते बुधवारी आपणहून मुलुंडला आले. त्याच्या आदल्या दिवशी मित्राने दुर्बिणीतून तारेची बारीक जाळी आत नेऊन मोठे खडे एकेक करून काढले होते. मूठभर तरी निघाले. उरलेला चुरा धुऊन काढायचा होता. चाचा पांढरीच्या डाव्या बाजूला उभे राहिले. एक हात तिच्या डोळ्यावर, दुसऱ्या हाताची दोन बोटं कानामागे, आणि हलकेच दाब देत त्यांनी तिचं डोकं गुडघ्यापर्यंत खाली आणलं. मी नळी घातली. कोमट सलाइन आत सोडलं. नाकातून पाणी यायला लागलं, आधी गढूळ, पिवळे कण असलेलं. मामा बादली धरून होते. ती एकदा फुरफुरली, आम्ही तिघंही भिजलो, पण तिने डोकं उडवलं नाही.

मामा चाचांशी सुरुवातीला बोलत नव्हते. लाजत होते, असं मला वाटतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी धुणं झाल्यावर त्यांनी चाचांना विचारलं की ते कानामागे नेमकं कुठे दाबता, मला दाखवा. चाचांनी त्यांचा हात धरून जागा दाखवली. त्यानंतर रोज दोघं मिळून करू लागले. चहा ताई स्वतः आणायच्या आणि सगळ्यांबरोबर तिथेच उभं राहून प्यायच्या.

तीन आठवडे हे चाललं. धुऊन झालं की पेनिसिलिन घट्ट करून आत भरायचं. मग पिशवी धुतलेलं पाणी प्रयोगशाळेत पाठवायचं. करोनामुळे सगळ्यांना माहीत झालेली ती पीसीआर चाचणी घोड्यांच्या जंतूंसाठीही असते. आठवड्याच्या अंतराने तीनदा निगेटिव्ह आली तरच घोडी मोकळी. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. पुन्हा दुर्बीण, कोपऱ्यात एक लहानसा खडा राहून गेला होता. तो काढला, पुन्हा धुणं. मग पुढच्या तीन निगेटिव्ह आल्या.

मधल्या एका रविवारी मित्राला घेऊन मी खारदांड्याला गेले होते. तांबड्याला गुंगी दिली, शेडच्या खांबाला पडदा टांगला. बोंबील पालटायला आलेल्या दोन बायका काम टाकून बघायला उभ्या राहिल्या, मग आणखी चार आल्या. मी त्यांना सांगत होते, हे नाक, हा घसा, ही झडप. चाचा पडद्याकडे बघत नव्हते. ते घोड्याचं डोकं धरून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. उजवी पिशवी स्वच्छ. मग डावीची झडप उघडली. तीही स्वच्छ होती, गुलाबी, कोरडी. मी मान हलवली. एक बाई दुसरीला म्हणाली की घोडा आतून इतका सुंदर असतो हे काय ठाऊक.

त्याच्याही तीन चाचण्या केल्या. मग कागद लिहायला बसले. दवाखान्याचं नाव छापलेल्या कागदावर, मराठीत एक आणि हिंदीत एक. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा वाक्य असं झालं, की सदर घोड्यामुळे लागण झाल्याचा समज चुकीचा होता. वाचून बघितलं. समज कुणाचा, ते त्यात नव्हतंच. कागद फाडला आणि दुसरा घेतला. त्यात लिहिलं की या घोड्याने रोग आणला असं मी, त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने, पुरेशी तपासणी न करता ठरवलं. ते चूक होतं. त्याला लागण आमच्या तबेल्यातल्या घोडीकडून झाली. आज तो पूर्ण निरोगी आहे. खाली सही केली, शिक्का मारला.

चाचांना मराठी वाचता येत नव्हतं. हिंदी कागद त्यांनी दोनदा वाचला, ‘मैंने’ जिथे होतं तिथे बोट ठेवून थांबले, मग घडी न घालता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला. ताईंनी तो कागद सगळ्या पालकांनाही पाठवला, खाली स्वतःचं नाव लिहून. दोन पालकांनी त्यावर काही म्हटलं नाही. एका आईने चाचांचा नंबर मागितला. तिला त्यांच्याशी बोलायचं होतं. काय बोलली ते मी विचारलं नाही.

बँडवाले लगेच वळले नाहीत. कागद दाखवूनही काही जण नाही म्हणत. पण त्या सीझनच्या शेवटी सांताक्रूझच्या एका वरातीला तांबडा गेला, आणि तिथून हळूहळू बोलावणी सुरू झाली.

ताई चाचांना परत बोलवायला स्वतः खारदांड्याला गेल्या होत्या. मी सोबत होते. चाचांनी त्यांना खुर्ची दिली, पांढरी कशी आहे, काळा बरा आहे का, पोनी वाढल्या का, सगळं विचारलं. येणार का म्हटल्यावर नको म्हणाले. राग होता का? मला दिसला तरी नाही. ते म्हणाले, इथे वारा आहे, घोड्याला सवय झालीय, आणि मलाही इथेच बरं वाटतं. घोडीला गरज पडली तर फोन करा, मी येईन. ताईंनी आग्रह केला नाही.

पांढरी आता आठवड्यातून दोनच दिवस काम करते, आणि तेही फक्त लहान मुलांना घेऊन. मामा तिला डावीकडूनच लगाम घालतात. तबेल्यात नवीन घोडा आला की मी त्याची पिशवी तपासून घेते, आणि त्याला घेऊन आलेल्या माणसाला खुर्ची देऊन बसवते. हा घोडा इथे येण्याआधी कुठे होता, कुणाबरोबर होता, त्याला काय आवडतं, कशाला दचकतो, सगळं विचारते. वेळ लागतो. दवाखान्यात पोचायला उशीर होतो, कुत्री-मांजरं घेऊन आलेली माणसं बाकड्यावर वाट बघत असतात.